विज्ञानाच्या उताऱ्यात गुण नेमके कुठे जातात?

ऐरोलीहून एका आईंनी विचारले आहे की, त्यांची मुलगी आठवीत सेमी-इंग्रजीच्या वर्गात आहे, शाळेत विज्ञानात तिला चांगले गुण मिळतात, शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी ती रोज पाच उतारे सोडवते. तरीही उतारा विज्ञानाचा असला की पाचपैकी दोन-तीन प्रश्न हमखास चुकतात, गोष्टीच्या किंवा व्यक्तिचित्राच्या उताऱ्यात मात्र असे होत नाही. उताऱ्यांची संख्या वाढवावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

वाढवू नये, कमी करावी. ठाण्यात नौपाड्याला मी गेली चोवीस वर्षे शिष्यवृत्तीच्या मुलांना मराठी शिकवते आहे आणि त्यांतली पहिली सहा-सात वर्षे मीसुद्धा रोज पाच-सहा उतारे सोडवून घेत असे. मुलांचा वेग वाढला, चुका मात्र जिथल्या तिथे राहिल्या. उतारा सोडवणे आणि उतारा वाचणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि घाईत मूल त्यांपैकी पहिलेच शिकते: प्रश्नातला ठळक शब्द हेरायचा, तो उताऱ्यात शोधायचा आणि त्या ओळीत जे दिसेल त्याच्याशी जुळणारा पर्याय रंगवून मोकळे व्हायचे. गोष्टीच्या उताऱ्यात ही युक्ती पुष्कळदा चालून जाते. विज्ञानाच्या उताऱ्यात ती फसते, कारण तिथे 'मुळे' किंवा 'मीठ' हा एकच शब्द पाच ओळींत चार वेळा येतो, आणि उत्तर त्या शब्दात नसून त्याच्या आजूबाजूच्या 'त्यामुळे', 'मात्र', 'ऐवजी', 'बहुतेक' अशा शब्दांत असते, ज्यांच्याकडे घाईतल्या मुलाचे लक्षच नसते.

सरावाची पद्धत बदलण्याआधी एक छोटी तपासणी करावी. तिने पूर्वी न पाहिलेला, शंभर-सव्वाशे शब्दांचा विज्ञानाचा उतारा आपण स्वतः तिला संथपणे दोनदा वाचून दाखवावा आणि प्रश्न तोंडीच विचारावेत. दुसऱ्या दिवशी साधारण तेवढाच अवघड असा दुसरा उतारा तिला एकटीला वाचायला द्यावा. ऐकून उत्तरे बरोबर आली आणि वाचून चुकली, तर तिची नजर ओळींवरून घसरते आहे आणि उपाय वाचनाच्या सवयीत आहे. दोन्हीकडे सारखेच चुकले, तर त्या प्रकारची मराठीच तिच्या कानाला परकी आहे, आणि तिथे नुसते वाचन वाढवून काही साधणार नाही. फिलिप गफ आणि विल्यम टन्मर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये ही गोष्ट गुणाकाराच्या रूपात मांडली होती: लिखित शब्द वाचता येण्याचे कौशल्य गुणिले भाषेची समज, म्हणजे वाचनाचे आकलन. बेरीज मांडली असती तर एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूने भरून काढता आली असती. गुणाकारात तसे करता येत नाही.

आता एक उतारा जवळून पाहू. हा मी वर्गासाठी लिहिलेला आहे. ऐरोली-मुलुंड पुलावरून ये-जा करणाऱ्या मुलांना तिवरे, म्हणजे खाडीतली एक जातीची खारफुटीची झाडे, निदान डोळ्यांनी ओळखीची असतात, म्हणून विषय मुद्दाम खाडीचा घेतला.

"खारफुटीची झाडे खाऱ्या पाण्यात उभी असतात. खाडीच्या चिखलात हवा खेळत नाही, त्यामुळे चिखलाखालच्या मुळांना प्राणवायू मिळणे कठीण होते. तिवराची काही मुळे म्हणूनच खाली न जाता चिखलातून वर येतात. पेन्सिलीसारख्या दिसणाऱ्या या मुळांवर सूक्ष्म छिद्रे असतात आणि ओहोटीच्या वेळी मुळे उघडी पडली की त्यांतून हवा आत शिरते. मीठ ही दुसरी अडचण. तिवराची मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवतात. जे आत येते, ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. कांदळाच्या पानांवर मात्र अशा ग्रंथी नसतात. ते झाड बहुतेक मीठ मुळांपाशीच रोखते."

पहिला प्रश्न साधा आहे: तिवराची काही मुळे चिखलातून वर का येतात? पर्याय चार: झाडाला आधार देण्यासाठी, मीठ बाहेर टाकण्यासाठी, हवा मिळवण्यासाठी, पाणी शोषण्यासाठी. वर्गात दरवर्षी तीन-चार मुले 'आधार देण्यासाठी' हा पर्याय निवडतात, आणि ती ढ मुले नसतात. उलट वडाच्या पारंब्या झाडाला आधार देतात हे ज्यांनी पुस्तकात नीट वाचलेले असते, तीच मुले इथे सापडतात. उताऱ्यात आधार हा शब्द कुठेच नाही, पण डोक्यात आहे, आणि डोक्यातला शब्द पर्यायांत दिसताच हात तिकडे जातो. उताऱ्यातले उत्तर 'म्हणूनच' या शब्दावर टेकलेले आहे. हा शब्द मागच्या वाक्याकडे बोट दाखवतो. मागच्या वाक्यात चिखलात हवा नसल्याचे कारण आहे. मुलीने 'म्हणूनच' खाली रेघ मारून तिथून मागच्या वाक्यापर्यंत बाण काढला, तर हा प्रश्न चुकणे अवघड आहे.

दुसरा प्रश्न: 'त्यांतून हवा आत शिरते' यातील 'त्यांतून' म्हणजे कशातून? मुळांतून, असे उत्तर बहुतेकांकडून येते. वाक्य पुन्हा वाचले की छिद्रे सापडतात. सर्वनाम कोणाचे आहे हे विचारणारा प्रश्न परीक्षेत थेट येईलच असे नाही, पण सरावात तो प्रत्येक उताऱ्याला विचारावा, कारण विज्ञानाच्या मराठीत 'ते', 'त्या', 'ही', 'अशा' यांची साखळी लांबच लांब असते आणि एक कडी चुकली की पुढचा सगळा अर्थ भलत्याच्या नावावर जमा होतो.

तिसऱ्या प्रश्नावर मला जरा थांबायचे आहे, कारण गुण सर्वाधिक इथे जातात. उताऱ्याच्या आधारे कोणते विधान चूक आहे? पहिला पर्याय, 'तिवराची पानेही मीठ बाहेर टाकतात.' दुसरा, 'तिवराची पानेच मीठ दूर ठेवण्याचे काम करतात.' तिसरा, 'कांदळाच्या पानांवर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी नसतात.' चौथा, 'कांदळ बहुतेक मीठ मुळांपाशी रोखते.' पहिल्या दोन पर्यायांत खरा फरक 'ही' आणि 'च' एवढाच आहे. 'पानेही' म्हणजे मुळांसोबत पानेसुद्धा, आणि ते खरे आहे. 'पानेच' म्हणजे पाने आणि दुसरे कोणी नाही, आणि ते खोटे आहे, कारण बरेचसे मीठ मुळे आधीच अडवतात. आपण घरी बोलताना हा 'च' दिवसाकाठी शंभर वेळा वापरतो. 'तूच केलेस ना?' आणि 'तूही केलेस ना?' यांतला फरक तीन वर्षांच्या मुलालाही बरोबर कळतो. छापील पानावर मात्र तेच अक्षर शब्दाच्या शेपटीला चिकटून निघून जाते. म्हणून माझ्या वर्गात एक साधा नियम आहे: वाचताना 'च', 'ही', 'तरी' दिसले की त्यांभोवती गोल करायचा. पहिला महिनाभर मुले कंटाळतात, नंतर गोल न करताही नजर तिथे थबकायला लागते.

याच जातीचे आणखी काही शब्द आहेत. 'सर्व', 'बहुतेक', 'बरेचसे', 'काही', 'क्वचित' यांची उतरंड मुलीला एकदा लावून द्यावी आणि पर्यायांत उताऱ्यातला 'बहुतेक' बदलून 'सर्व' झाला आहे का, हे पाहायची सवय लावावी; प्रश्न काढणाऱ्यांचा हा आवडता फासा आहे, आणि मी स्वतः प्रश्न काढते म्हणून हे खात्रीने सांगते. 'शिवाय' तर दुहेरी आहे: 'पाण्याशिवाय मुळे जगत नाहीत' आणि 'शिवाय मुळांना हवाही लागते' यांत तोच शब्द एकदा 'विना' होतो आणि एकदा 'आणखी' होतो. शिवाय मराठीत नकार वाक्याच्या अगदी टोकाला येतो. 'हे पक्षी जन्मतःच गुलाबी असतात असा अनेकांचा समज असला तरी तो खरा नाही' हे वाक्य अर्धे वाचून पुढे गेलेले मूल नेमके उलटे उत्तर देते. खाडीवर येणाऱ्या रोहित पक्ष्यांची पिल्ले करड्या रंगाची असतात आणि गुलाबी छटा त्यांच्या अन्नातल्या रंगद्रव्यांमुळे पुढे येते, हे सांगणाऱ्या उताऱ्यात मी हे वाक्य दरवर्षी ठेवते, आणि दरवर्षी कोणीतरी त्यात अडकतेच.

आपल्या मुलीच्या बाबतीत सेमी-इंग्रजीचा मुद्दा निराळा पाहावा लागेल. तिने विज्ञान इंग्रजीतून शिकलेले आहे. इव्हॅपोरेशन, कंडेन्सेशन, मास, ग्लँड हे शब्द तिला अर्थासह येतात. बाष्पीभवन, संघनन, वस्तुमान, ग्रंथी हे शब्द समोर आले की तिला ते नव्या विषयाचे वाटतात, जरी कल्पना तिला चांगली ठाऊक असली तरी. हा दोष तिच्या बुद्धीचा नाही, आणि एका अर्थी ही अडचण सर्वांत लवकर दूर होणारी आहे. सहावी-सातवीची मराठी माध्यमाची सामान्य विज्ञानाची पुस्तके मिळवावीत, बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात, आणि तिने इंग्रजीतून शिकलेला धडा मराठीत एकदा नुसता वाचून काढावा. शब्दांच्या जोड्या लावून पाठ करायला देऊ नयेत. ओळखीच्या कल्पनेला मराठी नाव वाक्यातच भेटले की ते टिकते. त्यातही 'कार्य', 'बल', 'शक्ती', 'कार्यक्षमता' अशा शब्दांकडे जास्त लक्ष द्यावे, कारण ते अवघड दिसत नाहीत. 'कार्य' म्हटले की घरातले लग्नकार्य आठवते. विज्ञानाच्या उताऱ्यात मात्र बल लावूनही वस्तू जागची हलली नाही तर कार्य शून्य असते, आणि 'हमालाने भिंत तासभर ढकलली, भिंत हलली नाही, किती कार्य झाले?' या प्रश्नाला 'पुष्कळ' असे उत्तर मनापासून येते. उलट गावातला शब्दही फसवतो: खारफुटीच्या जंगलाच्या कांदळवन या पाटीवरच्या नावामुळे खाडीतले प्रत्येक झाड म्हणजे कांदळ, असे मानणारी मुले वरच्या उताऱ्यात तिवर आणि कांदळ यांची तुलना आहे हेच ओळखत नाहीत.

विषयाची ओळख वाचनाला किती मदत करते, याबद्दल डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा १९८८ चा प्रयोग मला नेहमी आठवतो. त्यांनी सातवी-आठवीच्या ६४ अमेरिकी मुलांना बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुले, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा ते वर्णन अधिक चांगले समजली. आपल्याकडे क्रिकेटच्या बातमीचे तेच होते. म्हणून उतारे कमी केल्याने जो वेळ उरेल, त्यातला काही वेळ जग पाहण्यात घालवावा असे मी सांगेन. आपण ऐरोलीत राहता. तिथल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात ओहोटीच्या वेळी तिला घेऊन जावे आणि चिखलातून वर आलेली ती मुळे दाखवावीत. ती एकदा पाहिली की वरच्या उताऱ्यातली निम्मी वाक्ये चित्रासारखी उभी राहतात.

इथे कोणी विचारेल की, आधी मी म्हटले डोक्यातले ज्ञान फसवते, आता म्हणते ते मदत करते. दोन्ही खरे आहे. ज्ञान वाक्य समजून घ्यायला वापरायचे असते, उत्तर द्यायला नाही. ही रेघ मुलांच्या मनात पाडण्यासाठी मला एकच प्रश्न उपयोगी पडला आहे: 'कोणत्या ओळीवरून?' उत्तर बरोबर आले तरी हा प्रश्न विचारायचा, चुकले तरी विचारायचा. ओळ दाखवता आली नाही तर बरोबर उत्तरालाही माझ्या वर्गात अर्धेच गुण.

याच प्रश्नाने एकदा मलाच तोंडघशी पाडले होते. एका गाइडमधला दवबिंदूंचा उतारा घेतला होता. एक मुलगी चौथ्या प्रश्नावर अडून बसली की याचे उत्तर उताऱ्यात नाहीच. उत्तरसूचीत उत्तर दिलेले होते, तास संपत आला होता, आणि मी तिला जरा रागानेच 'नीट वाच' असे म्हटले. रात्री घरी तो उतारा पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आले की छापताना मधले एक वाक्य गळले होते. उत्तर खरोखरच त्यात नव्हते. दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसे कबूल केले. तेव्हापासून विकतच्या संचातला उतारा मी स्वतः सोडवल्याशिवाय मुलांपुढे ठेवत नाही, आणि आपणही ठेवू नये; दर दहा-पंधरा उताऱ्यांमागे एखादा तरी असा निघतो, ज्यात दोन पर्याय बरोबर असतात किंवा एकही नसतो, आणि मूल उगाचच स्वतःला दोष देते.

प्रत्यक्ष सराव असा ठेवावा. आठवड्याला तीन उतारे पुरेत, प्रत्येकाला अर्धा तास. प्रश्न कागदाने झाकून आधी नुसता उतारा वाचायचा, मग तो बाजूला ठेवून काय सांगितले आहे ते दोन वाक्यांत आपल्याला तोंडी सांगायचे. दोन वाक्यांत सांगता आले नाही तर प्रश्नांकडे जायचेच नाही, पुन्हा वाचायचे. त्यानंतर प्रश्न, प्रत्येक उत्तराच्या आधाराच्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ. चुकलेला प्रश्न वहीत उतरवून त्यापुढे कारण लिहायचे: शब्द अडला, जोडणारा शब्द सुटला, प्रश्न अर्धाच वाचला, की डोक्यातले उत्तर दिले. महिनाभरात वहीत एकाच कारणाची गर्दी दिसेल, आणि मग सरावाची दिशा आपोआप ठरेल. 'योग्य नसलेला पर्याय निवडा' अशा प्रश्नांत योग्य पर्याय निवडून येणारी मुले बरीच असतात. त्यांना विज्ञान नव्हे, प्रश्न वाचायला शिकवावे लागते.

आठवड्यातला तिसरा उतारा तिने सोडवू नये, त्यावर प्रश्न काढावेत, आणि ते आपण सोडवावेत. चुकीचा पण खरा वाटणारा पर्याय तयार करणे हे बरोबर उत्तर शोधण्यापेक्षा बरेच कठीण आहे. त्यासाठी मजकूर कमी पडणार नाही. मराठी विश्वकोशाच्या संकेतस्थळावरील नोंदींतला एखादा परिच्छेद घ्यावा, किंवा आपणच लिहावा. आकडे असलेला एक नमुना देते:

"पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात. पडलेले पाणी वाहून गेले नाही, मुरले नाही आणि त्याची वाफ झाली नाही, तर सपाट जमिनीवर जेवढ्या उंचीचा थर साचेल, तेवढा पाऊस. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर १ लिटर पाणी. २६ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठपासून पुढच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच काळात कुलाब्याच्या केंद्रावर मात्र सुमारे ७३ मिलिमीटर नोंद झाली."

सांताक्रूझला एका चौरस मीटरवर किती लिटर पाणी पडले, हा प्रश्न सगळी मुले सोडवतात. 'सांताक्रूझच्या रस्त्यांवर ९४४ मिलिमीटर पाणी साचले' हे विधान उताऱ्यावरून करता येईल का, याला निम्मा वर्ग 'हो' म्हणतो, कारण दुसऱ्या वाक्यातला 'तर' कोणी जमेस धरलेला नसतो. आणि 'ठाण्यात त्या दिवशी किती पाऊस झाला?' या प्रश्नाला आजी-आजोबांकडून ऐकलेल्या कंबरभर पाण्याच्या गोष्टींसकट उत्तरे येतात. बरोबर उत्तर 'उताऱ्यावरून सांगता येत नाही' हे आहे, आणि हा पर्याय निवडायला मुलांना धीर लागतो.

घड्याळ पहिले सहा आठवडे लावू नये. पेपरात ७५ प्रश्नांना ९० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. पण ही सरासरी आहे. समानार्थी शब्द, म्हणी, लिंग-वचन यांचे प्रश्न वीस-पंचवीस सेकंदांत सुटतात आणि तिथे वाचलेला वेळ उताऱ्याला देता येतो. सातव्या आठवड्यापासून पाच प्रश्नांच्या उताऱ्याला आठ मिनिटे द्यावीत आणि ती हळूहळू सहावर आणावीत. त्याखाली जाण्याचा हट्ट धरू नये. परीक्षेआधीच्या पंधरवड्यात नवा उतारा आणू नये, वहीतले चुकलेले प्रश्नच पुन्हा काढावेत, आणि प्रत्येक वेळी ओळ मात्र विचारावी.